आंतरपिकात किडी खरंच कमी होतात का? जोड्या, ओळी आणि वेळा यावर चर्चा

काळी_माती
खरीप तोंडावर आलाय. "आंतरपीक घ्या, किडी आपोआप कमी होतात" हे प्रत्येक मेळाव्यात ऐकायला मिळतं. पण कशात काय, किती ओळींमागे, किती दिवस आधी पेरायचं आणि फवारायची वेळ आलीच तर काय करायचं, हे सुटसुटीत कुठे मिळत नाही.

माझं नियोजन असं: कपाशीत मूग, सोयाबीन-तूर ४:२, आणि विहिरीच्या पाण्यावर पाऊण एकर भाजीपाला (कोबी, टोमॅटो, वांगी). कपाशीतच दोन ओळी भेंडीच्या, घरापुरत्या. सोयाबीनच्या कडेने मका टाकायचा विचार आहे. रब्बीला हरभरा. जमीन मध्यम ते भारी. जाणकारांनी या जोड्या तपासून द्याव्यात. आकड्यांसकट सांगितलंत तर फार बरं होईल.

पाभर
आधी भेंडी काढा. कपाशी आणि भेंडी एकाच कुळातल्या. तुडतुडे, मावा, पांढरी माशी, ठिपक्यांची बोंडअळी, सगळं दोघींवर तेच.

जिरायती
@पाभर, पण भेंडी कपाशीत सापळा पीक म्हणूनच लावतात ना? तुडतुडे आधी भेंडीवर जातात, कपाशी वाचते.

पाभर
जातात, बरोबर. पण सापळा लावला तर त्यात अडकलेलं मारायला लागतं. घरापुरती भेंडी म्हणजे दिवसाआड तोडणी. त्यावर औषध मारता येत नाही, आणि मारलं तर ती भाजी खाता येत नाही. मग तुडतुडे तिथेच वाढतात आणि भेंडी जून झाली की शेजारच्या कपाशीवर उतरतात. सापळा म्हणून लावायची तर कडेला लावा, तोडायची नाही, किडलेली फळं आठवड्याला वेचून नष्ट करा. घरच्या भाजीची भेंडी दुसऱ्या वावरात.

बोंडफुटी
कपाशीचं मी सविस्तर लिहितो, कारण यात सगळ्यात जास्त गोंधळ आहे.

आंतरपीक कोणत्या किडीवर काम करतं ते आधी ठरवा. रसशोषक किडींवर करतं. गुलाबी बोंडअळीवर अजिबात करत नाही. ही अळी जवळजवळ कपाशीवरच जगते आणि अंड्यातून निघाली की लगेच फुलात-बोंडात शिरते. तिला मूग, तूर, मका यांचं काही देणंघेणं नाही. तिच्यासाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे). सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग सापडले की उपाय करायचा. डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेली, मिटलेली फुलं) वेचायच्या, आणि डिसेंबरअखेर कपाशी मोडायची, फरदड (त्याच झाडांवर पुढचं पीक) ठेवायची नाही. ज्यांनी आंतरपीक घेतलं म्हणून सापळे लावले नाहीत, त्यांचं नुकसान ठरलेलं आहे.

आता रसशोषक. कपाशीच्या दर दहा ओळींमागे एक ओळ चवळी लावा, नाहीतर वावराच्या चारी बाजूंनी. चवळीवर काळा मावा लवकर येतो. तो प्रामुख्याने शेंगवर्गीय पिकांवरचा. कपाशीचा मावा वेगळा, पिवळसर ते गडद हिरवा. काळ्या माव्यावर ढालकिडे, सिरफिड माशी, क्रायसोपा हे मावा खाणारे मित्रकीटक जमतात, अंडी घालतात, आणि कपाशीवर मावा दिसायला लागेपर्यंत त्यांची एक पिढी तयार असते. चवळीचा सगळा उपयोग हाच. म्हणून चवळीवरचा काळा मावा मारायचा नाही. निम्मे लोक चवळी काळी पडलेली बघून घाबरतात आणि पहिला पंप तिच्यावरच रिकामा करतात.

बियाण्याला रसशोषक किडींच्या औषधाची प्रक्रिया आलेली असते, त्यामुळे सुरुवातीचे ३०-४० दिवस फवारणीची तशीही गरज पडत नाही. शक्यतो पहिले ६० दिवस रासायनिक औषधाला हात लावू नका. फवारायचं कधी: पानामागे सरासरी मावा १०, तुडतुडे २ ते ३, फुलकिडे १०, पांढरी माशी ८ ते १०. त्याच्या आत असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो.

रानपाखरू
निंबोळी अर्काचं प्रमाण पण देऊन टाका, बरेच जण अंदाजाने करतात.

बोंडफुटी
५ किलो वाळलेली निंबोळी बारीक कुटून ९-१० लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवायची. सकाळी ढवळून फडक्यातून गाळायची. २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात विरघळवून त्यात मिसळायचा. मग एकूण १०० लिटर होईपर्यंत पाणी. त्याच दिवशी संध्याकाळी फवारायचं. दुपारी मारलं तर उन्हाने गुण जातो. शिळा अर्क मारून "काही उपयोग झाला नाही" म्हणणारे खूप आहेत. निंबोळी बुरशी लागलेली असेल तरी तेच. सावलीत वाळवलेली घ्या.

जिरायती
मुगाचं काय? मूळ प्रश्न मुगाचा होता.

बोंडफुटी
मूग चालतो. कपाशीचा तुडतुडा आणि कडधान्यावरचा तुडतुडा या दोन वेगळ्या जाती आहेत. अडचण एकच. मूग ६०-७० दिवसांत निघतो आणि सगळा एका दिवशी उपटला की त्यावरचे फुलकिडे आणि पांढरी माशी सरळ कपाशीवर येतात. मित्रकीटकांचाही आसरा त्याच दिवशी जातो. तोडणी दोन टप्प्यांत करा, एकाआड एक ओळ, मध्ये सात-आठ दिवस. ज्या झाडांची पानं पिवळीजर्द चट्ट्यांची दिसतील (केवडा), ती मात्र दिसली की लगेच उपटा.

ढालकिडा
माझ्या नावाचाच विषय निघाला म्हणून लिहिते :)

मित्रकीटक ओळखण्यात सगळ्यात मोठी चूक अळी अवस्थेत होते. लाल-केशरी ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो. त्याची अळी मात्र काळपट, लांबुळकी, पाठीवर केशरी ठिपके, सहा पाय लांब, चालताना मगरीच्या पिल्लासारखी दिसते. ती माव्याच्या गर्दीत फिरत असते, म्हणून लोक तिलाच कीड समजून चिरडतात. खरं तर मोठ्या किड्याइतकाच मावा ती खाते. तिचा कोष पानाला शेपटीकडून चिकटलेला, केशरी-काळा. तोही काढू नका.

वांग्यावर मात्र जपून. तिथे त्याच कुळातला काटेरी भुंगेरा असतो, तो पानं खातो. फरक असा: मित्र ढालकिडा चकचकीत, गुळगुळीत. वांग्यावरचा मळकट तांबूस, अंगावर बारीक लव, पाठीवर बरेच काळे ठिपके (एका जातीत १२, एकीत २८). त्याची अळी पिवळी, अंगभर फांद्या फुटलेले काटे. आणि सगळ्यात सोपी खूण पानावर: हिरवा भाग खरवडलेला, नुसती शिरांची जाळी उरलेली. असं पान दिसलं तर ती अळी शत्रू, वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

क्रायसोपाची अंडी पण बघून ठेवा. पानावर केसासारखा बारीक दांडा उभा आणि त्याच्या टोकाला एक पांढरट-हिरवं अंडं. पाच-सहा दांडे एका ठिकाणी असले की लोकांना बुरशी वाटते.

सिरफिडची अळी बिनपायाची, हिरवट, डोक्याकडे निमुळती, बोटभर अंतरावरून पक्ष्याच्या विष्ठेसारखी वाटते. ती माव्याला तोंडात धरून वर उचलते आणि शोषून रिकामी कातडी टाकते. भिंग असेल तर सकाळी आठच्या आत बघा, स्पष्ट दिसतं.

रानपाखरू
वाणीचं पण सांगा कोणी. सोयाबीन उगवताना पावसाने ओढ दिली की वाणी कोवळी रोपं कुरतडते. आंतरपिकाने त्यात काही फरक पडतो का? आणि गोम पण तशीच ना?

ढालकिडा
गोम वेगळी. गोमेला प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी, ती चपळ असते आणि जमिनीतल्या अळ्या-किडे खाते. वाणीला बहुतेक खंडांना दोन-दोन जोड्या, संथ चालते, हात लावला की वेटोळं करते. गोम मारायची नाही (चावते, तेवढं सांभाळा). वाणीला आंतरपिकाने फरक पडत नाही. ती मुळात कुजका पालापाचोळा खाणारी आहे. वावर अगदी साफ आणि कोरडं झालं की कोवळ्या रोपांवर येते. गवताचे छोटे ढीग संध्याकाळी वावरात ठेवायचे आणि सकाळी त्याखालच्या वाणी गोळा करायच्या. चांगला पाऊस झाला की त्रास आपोआप कमी होतो.

लातूरकर_शेती
आमच्याकडे गोगलगायीचं पण लिहा की! २०२२ ला लातूर-बीड भागात सोयाबीन दोनदोनदा पेरावं लागलं होतं लोकांना.

पाभर
गोगलगाय कीटकांत मोडत नाही, पण थोडक्यात: गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाच्या कडेने टाका, सकाळी जमलेल्या गोगलगायी उचलून मिठाच्या किंवा साबणाच्या द्रावणात बुडवा, हातमोजे घालून. फार असतील तर मेटाल्डिहाईड २ टक्के आमिष एकरी २ किलो, कुत्री-कोंबड्या जाणार नाहीत अशा बेताने. बाकी वेगळा धागा काढा, इथे विषय भरकटेल.

जिरायती
सोयाबीनच्या कडेने मका, त्यावर कोणीच बोललं नाही. मक्यावर मावा येतो, ढालकिडे येतात, मग चांगलंच की.

चक्रीवादळ
नाही. सोयाबीनमध्ये किंवा शेजारी मका-ज्वारी टाकू नका, निदान जिथे चक्रीभुंग्याचा त्रास आहे तिथे तरी. चक्रीभुंगा वाढलेल्या भागात ही दोन्ही आंतरपिकं टाळावीत अशीच सोयाबीन संशोधनाची शिफारस आहे.

चक्रीभुंगा ओळखायचा असा: मादी देठावर किंवा खोडावर दातांनी दोन चक्र पाडते, दोन्हींत बोटाच्या पेरापेक्षा कमी अंतर, आणि मध्ये अंडं घालते. वरचा भाग सुकून लोंबतो. खालचं झाड हिरवंगार असतं, म्हणून लांबून नुसतं "पान वाळलंय" वाटतं. ते पान खालच्या चक्राच्या खालून तोडून नष्ट केलं तर अळी खोडात उतरत नाही. पेरणीनंतर महिन्याने सुरू करा, आठवड्यातून एक फेरी. अळी खोडात गेल्यावर वरून कितीही फवारा, तिच्यापर्यंत पोचत नाही.

मक्यावर लष्करी अळीही आहे. २०१८ पासून ती आपल्याकडे ठाण मांडून बसली आहे. पोंगा (मक्याचा कोवळा शेंडा) रोज बघणार नसाल तर मका लावून डोक्याला ताप का घ्यायचा?

कडेला लावायचंच तर एरंडी लावा. तंबाखूवरची पाने खाणारी अळी (स्पोडोप्टेरा) एरंडीच्या पानाखाली अंडीपुंज घालते, तपकिरी लवेने झाकलेला. एका पुंजक्यात दोन-तीनशे अंडी. अळ्या निघाल्या की पहिले काही दिवस एकाच पानावर झुंडीने राहतात आणि ते पान पातळ पांढऱ्या कागदासारखं दिसतं. ते एक पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की शेकडो अळ्या एका झटक्यात गेल्या. हेच सोयाबीनच्या दाट पिकात शोधायला अवघड जातं.

रानपाखरू
पण भाजीपाल्याला कडेने मका लावतात की. तोही चूक?

मळेकरी
@रानपाखरू, तिथे काम वेगळं आहे. टोमॅटो-मिरचीला मक्याची किंवा ज्वारीची दाट दोन-तीन ओळींची भिंत विषाणू पसरवणारी पांढरी माशी आणि मावा अडवायला असते. रोपं लावायच्या निदान १५-२० दिवस आधी पेरलेली हवी. रोपांसोबत पेरली तर भिंत उभी राहीपर्यंत विषाणू आत शिरलेला असतो. मक्याच्या तुऱ्यावर ओरियस नावाचा बारीक ढेकूण येतो, फुलकिडे खातो, तोही फायदा. मात्र कणसं वाळायच्या आत मका कापून जनावरांना घाला. नाहीतर कणसातल्या घाटे अळीचे पतंग निघून टोमॅटोवर अंडी घालतात.

आता भाजीपाल्याच्या तिन्ही जोड्या.

कोबी-मोहरी. चौकोनी ठिपक्यांचा पतंग आणि मावा कोबीपेक्षा मोहरीवर जास्त जातो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची पद्धत: कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी. पहिली ओळ कोबी लावण्याच्या १५ दिवस आधी, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी. दोनदा पेरायचं कारण, मोहरी लवकर जून होते आणि जून मोहरीकडे पतंग जात नाही. एकदाच पेरून मोकळे झालेल्यांची फसगत इथेच होते. मोहरीवरच्या अळ्या आणि मावा तिथेच मारायचा. जुन्या पुस्तिकांमध्ये त्यासाठी डायक्लोरव्हॉस लिहिलेलं सापडेल, ते २०२० अखेरपासून बंद आहे. निंबोळी अर्क किंवा बीटी (अळ्या मारणारं जिवाणूचं औषध) वापरा. इथे वर चवळीबद्दल सांगितलेला नियम उलटा होतो हे ध्यानात घ्या: मोहरीवरचा मावा कोबीवरही चालतो, त्यामुळे तो सोडून देता येत नाही.

टोमॅटो-झेंडू. टोमॅटोच्या १४ ते १६ ओळींमागे एक ओळ उंच आफ्रिकन झेंडू, पिवळा-केशरी. घाटे अळीची मादी झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालते. झेंडूचं रोप ४०-४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं, दोन्ही एकाच दिवशी लावायची, म्हणजे दोघांचा फुलोरा जमतो. दोन्ही रोपं एकाच वयाची लावली तर टोमॅटो आधी फुलतो आणि सापळा रिकामा राहतो.

वांगी-कोथिंबीर. दोन ओळींमागे एक ओळ कोथिंबीर किंवा बडीशेप. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांना फुलातला मध लागतो. कोथिंबीर जुडीसाठी सगळी उपटली तर फुलं येणारच नाहीत. निदान तिसरा हिस्सा फुलावर सोडा, आणि दर २०-२५ दिवसांनी थोडी थोडी पेरत राहा. तरी मुख्य काम हाताचंच: सुकून मान टाकलेले शेंडे आठवड्याला इंचभर खालून तोडून वावराबाहेर नष्ट करायचे.

घरची_भाजी
झेंडूचं इतकं कौतुक नको वाटतं. झेंडूवर लाल कोळी भयंकर वाढतो आणि टोमॅटोवर जातो. फुलकिडेही असतात.

मळेकरी
तुमचं म्हणणं बरोबर आहे, उन्हाळी लागवडीत तर नक्कीच. खालची पानं मागे वळवून बघत राहा. जाळी आणि पांढुरके ठिपके दिसले की झेंडूवर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला २ ते ३ ग्रॅम, कडक ऊन टाळून. आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारू नका. त्याने कोळ्याला खाणारे सगळे मरतात आणि कोळी उसळून येतो. पांढऱ्या माशीचंही तेच होतं. झेंडूच्या अळी पडलेल्या कळ्या तोडल्या नाहीत तर तो घाटे अळीचा गोठाच होतो, हेही तितकंच खरं.

घरची_भाजी
आणि वांग्यावर औषध मारलं तर मधली कोथिंबीर बाजारात कशी न्यायची? हा प्रश्न कोणी विचारत नाही.

मळेकरी
न्यायचीच नाही. वांग्याला शिफारस असलेलं औषध कोथिंबिरीला शिफारस असेलच असं नाही, आणि पालेभाजीवर अंश जास्त राहतो. वांग्यातली कोथिंबीर फुलासाठी आणि धण्यासाठी, जुडीची वेगळ्या वाफ्यात. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी बडीशेप लावावी, मोह होत नाही.

जिरायती
हरभऱ्यात ट्रायकोकार्ड (किडींच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा या बारीक गांधीलमाशीची कार्डं) लावायची आहेत. एकरी तीन पुरे ना? शिवाय कोथिंबीर टाकतोय.

ढालकिडा
कोथिंबीर जरूर टाका, ट्रायकोकार्डवर पैसे घालवू नका. हरभऱ्याच्या पानावर जी आंब असते, त्या आंबट स्रावात आणि लवेत ट्रायकोग्रामासारखा मिलिमीटरपेक्षा लहान कीटक नीट फिरूच शकत नाही. तुरीच्या शेंगांवरही हीच अडचण. कार्ड टोमॅटो, भेंडी यावर चांगलं काम करतं: एकरी तीन, पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूने टाचायच्या, संध्याकाळी, मुंग्यांपासून जपून, आधी आणि नंतर आठवडाभर रासायनिक फवारणी नाही.

हरभऱ्यात खरं काम करतो कँपोलेटिस, गांधीलमाशीच्या जातीचा बारीक कीटक. लहान घाटे अळीत अंडं घालतो आणि ती मोठी होऊन घाटे खायच्या आतच मरते. पानावर तांदळाच्या दाण्याएवढा करडा-पांढरा, तपकिरी डागांचा कोष आणि त्याला चिकटलेली अळीची वाळकी कातडी दिसली, की समजा तो आहे. त्याच्या प्रौढाला कोथिंबिरीचं फूल लागतं. म्हणून कोथिंबीर हरभऱ्यासोबतच पेरा, मागाहून नको.

बोंडफुटी
तुरीबद्दल राहिलं. बियाण्यात १ टक्का ज्वारी मिसळून पेरा. तुरीच्या फुलोऱ्यात ज्वारीची ताटं उभी राहतात, कोतवाल-मैना त्यावर बसतात आणि अळ्या टिपतात.

चक्रीवादळ
@बोंडफुटी, आत्ताच तर मी सोयाबीनजवळ ज्वारी नको म्हटलं, आणि यांचं पीक सोयाबीन-तूर आहे!

बोंडफुटी
हो, बरोबर धरलंत. नुसत्या तुरीला किंवा तूर-मुगाला ज्वारी. सोयाबीन-तुरीत ज्वारीऐवजी काठीचे टी आकाराचे पक्षीथांबे, एकरी २०, पिकाच्या वर फूट-दीड फूट. घाटे अळी एक सेंटीमीटरच्या आत असताना एचएएनपीव्ही (घाटे अळीला रोग आणणारा विषाणू) एकरी २०० एलई (त्या विषाणूचं माप), संध्याकाळी, १०० लिटरला अर्धा किलो गूळ टाकून. अळ्या चार ते सात दिवसांनी उलट्या लटकून मरतात. दुसऱ्याच दिवशी "मेली नाही" म्हणून विषारी औषध मारू नका. मोठ्या अळीवर हा विषाणू फारसा चालत नाही. शेंगमाशीवर तर चालतच नाही. ती शेंगेच्या आत असते आणि बाहेरून छिद्रही दिसत नाही, शेंगा सोलूनच बघाव्या लागतात.

रानपाखरू
पिवळे चिकट सापळे जास्त लावले तर? स्वस्त आहेत.

ढालकिडा
त्यावर ढालकिडे आणि बारीक गांधीलमाश्याही चिकटतात. टेहळणीपुरते एकरी आठ-दहा बास. फुललेल्या कोथिंबीर-बडीशेपेजवळ तर नकोच.

फवारू की नको असं झालं तर वावरात पाच ठिकाणची झाडं बघा. किडी मोजा, मित्रकीटक मोजा. दोन किडींमागे एक मित्र असेल तर थांबा, तीन-चार दिवसांनी परत मोजा. हैदराबादच्या राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेच्या पुस्तिकांत हाच २:१ चा हिशोब दिलाय.

काळी_माती
सगळ्यांचे मनापासून आभार. बदललेलं नियोजन: भेंडी कपाशीतून बाहेर. दर दहा ओळींना चवळी. मूग दोन टप्प्यांत. सोयाबीनला मक्याऐवजी एरंडी, तुरीत टी थांबे. वांग्यात बडीशेप. हरभऱ्यात कोथिंबीर.

एकच अडलंय. टोमॅटोची लागवड १५ जुलै आणि कोबीची १ ऑगस्ट धरली आहे. झेंडू आणि मोहरी कधी टाकू?

मळेकरी
झेंडूचं बी ३१ मेच्या आसपास गादीवाफ्यावर, टोमॅटोचं २० जूनला. टोमॅटोभोवतीचा मका २५ जूनच्या आत पेरलेला हवा. मोहरीची पहिली ओळ १७ जुलैला, दुसरी २६ ऑगस्टला. पहिली पेरताना दुसऱ्या ओळीची जागा दोरी लावून मोकळी सोडा, नाहीतर कोबी लावणारी माणसं ती भरून टाकतात.

पाभर
झेंडूच्या वाफ्यावर पावसात ताडपत्री लागेल. जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीने बारीक रोपं आडवी होतात, आणि पंधरा दिवस मागे पडलेला झेंडू मग उपयोगाचा नाही.